केसपेपर नंबर एक

१ जुलै, सकाळी ६.४५
आजपासून क्लबचा अध्यक्ष. बिनविरोध. मावळता अध्यक्ष (यापुढे नुसता 'माजी') सगळ्यांना सांगत सुटलाय की दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. अहो, त्यालाच बिनविरोध म्हणतात. पोटदुखी, दुसरं काय.

वर्षाचे संकल्प. रोज सकाळी चालणे. रोज डायरी. चहात साखर अर्धी. क्लबतर्फे वर्षभरात पाचशे माणसांचे डोळे तपासणे (माजीचा आकडा ४१२). आणि हिच्याशी रोज अर्धा तास बोलणे. हा शेवटचा लेकीचा हट्ट. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही रिटायर झालात तरी आई एकटीच आहे. काहीतरीच. मी तर दिवसभर घरात असतो.

२ जुलै
चालणे रद्द. बूट सापडेनात. ही म्हणाली, दाराशीच तर असतात, आणि शोधायला आली. तिलाही दिसेनात. तिच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर होते. दोघं हसलो. मी जरा जास्त.

५ जुलै, दुपारी
पहिली मीटिंग. हजर सहा, त्यात मी धरून.

कॅम्पची जुनी पद्धत अशी: पहिल्या टेबलावर आमचे कार्यकर्ते भिंतीवरचा अक्षरांचा चार्ट वाचून घेणार, दुसऱ्या टेबलावर डॉक्टरीणबाई मशीनने डोळ्याचं प्रेशर आणि आतला पडदा बघणार. दुसऱ्या टेबलावर माणशी दहा मिनिटं. या चालीने पाचशे व्हायला पुढच्या अध्यक्षाची टर्म लागेल. मी तीस वर्षं मीटर रीडिंगच्या खात्यात सुपरवायझर होतो. घरं बंद, कुत्री मोकळी, तरी माझी माणसं दिवसाला एकशे वीस रीडिंग आणायची. तेव्हा नवा नियम मांडला: जो चार्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल, म्हणजे सिक्स बाय सिक्स, त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवायचंच नाही. बिस्किटाचा पुडा द्यायचा, शिक्का मारायचा, घरी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, माणूस पार उशिरापर्यंत चार्ट वाचू शकतो, त्यामुळे हा नियम धोक्याचा आहे. बाई हुशार आहेत, पण फील्डचा अनुभव नाही. ठराव पाच विरुद्ध एक मंजूर. सेक्रेटरीने नोंद घेतली.

९ जुलै
नवा चार्ट आणला. कार्यकर्त्यांची तालीम आमच्याच घरी. चार्ट बैठकीच्या भिंतीवर लावला आणि वीस फूट मोजले, तर पेशंटची खुर्ची थेट स्वयंपाकघरात गेली. म्हणून पेशंट हीच. भाजी निवडता निवडता वाचत होती.

१६ जुलै
आठवडाभर तालीम. रोज दोघं-तिघं येतात, पट्टीने अक्षर दाखवतात, ही वाचते, ते लिहितात. सेक्रेटरीला उजवा-डावा डोळा झाकणं अजून जमत नाही. आज त्याने स्वतःचाच झाकला.

अर्धा तास बोलणे: तालमीत बोलणं होतंच. वेगळं काढायची गरज नाही.

१९ जुलै, संध्याकाळ
उद्घाटनाचं भाषण पाठ केलं. श्रोती अर्थात ही. 'बंधुभगिनींनो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? बाजूने येणारं माणूस एकदम समोर उगवल्यासारखं वाटतं का? तर ताबडतोब तपासणी करा!' ताबडतोब या शब्दावर टेबल ठोकायचं.

हिने विचारलं, आणि एखाद्याला दोन्ही होत असेल तर? फार छान प्रश्न. श्रोत्यांकडून असेच प्रश्न यायला हवेत. मी सांगितलं, मग तर ताबडतोब. आणि ठोकलं. चहा सांडला. हिने पुसला, पण निम्मा तसाच राहिला. अलीकडे हिचं कामात लक्ष नसतं.

२५ जुलै
ऐतिहासिक दिवस. हॉल भरलेला. माजी मागच्या रांगेत, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

उद्घाटन फीत कापून सगळेच करतात. मी माइकवरून जाहीर केलं की सेवा घरापासून सुरू होते, म्हणून या वर्षीचा केसपेपर नंबर एक अध्यक्षांच्या पत्नीचा. ही तयार नव्हती. मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी हातानेच खूण केली, चल चल. खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला, वाचलं. दुसरा झाकला, वाचलं. धडाधड, शेवटच्या ओळीपर्यंत. दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स! टाळ्या. फोटो. नियमाप्रमाणे बिस्किटाचा पुडा.

एकूण तपासले: ८७. एका दिवसात! दुसऱ्या टेबलावर फक्त एकोणीस गेले. डॉक्टरीणबाई चारलाच मोकळ्या.

संध्याकाळी केसपेपर मोजत असताना ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, जरा डोळ्यांबद्दल बोलायचं होतं. म्हटलं, थांब, आकडा चुकेल. चुकलाच. पुन्हा पहिल्यापासून मोजले. संपले तेव्हा ही उठून गेली होती. उद्या विचारीन.

२६ जुलै
विचारायचं राहिलं. पेपरवाल्याकडे फोटो द्यायला गेलो होतो.

१४ ऑगस्ट
जुने चष्मे गोळा करण्याची मोहीम. तीन खोकी भरली. ती पॅसेजमध्ये ठेवली आणि आज ही त्यांच्यावर धडकून पडली. गुडघा फुटला. चष्मे फुटले अकरा. इतकं मोठं खोकं! म्हटलं, अगं, समोर बघून चालावं माणसाने. ही म्हणाली, समोरच बघत होते.

खोकी भिंतीलगत सरकवायचा संकल्प.

३ सप्टेंबर
तपासले: एकूण १९८. बिस्किटांमुळे शाळेतली पोरंही येतात. पोरं सगळी सिक्स बाय सिक्स. आकडा भराभर वाढतो.

हिने पेपर वाचणं सोडलंय. म्हणते, त्यात असतं काय. आता सगळ्या बातम्या मलाच वाचून दाखवाव्या लागतात. क्लबच्या तेवढ्या दाखवतो.

११ ऑक्टोबर
लेकीचा फोन. आईचा आवाज बरा वाटत नाही म्हणे, आणि जिन्यात घसरली ते मला का नाही सांगितलंत. म्हटलं, एकच पायरी होती. म्हणाली, आईचे डोळे दाखवा. मी हसलोच. तुझ्या आईचे डोळे पाचशे लोकांसमोर तपासलेत, म्हटलं, कागद आहे माझ्याकडे, सहीशिक्क्याचा. ती म्हणाली, बाबा, कागदाचं नाही बोलत मी. आजकालच्या मुलांना कागदाची किंमत नाही.

(पाचशे नव्हते. दीडशे असतील.)

२० नोव्हेंबर
हिने चहा कपाच्या बाहेर ओतला. चौथ्यांदा. मी रागावलो. मग वाईट वाटलं म्हणून संध्याकाळी म्हटलं, चल, फिरून येऊ. बाहेर अंधारून आलं होतं. ही सगळा वेळ माझा दंड घट्ट धरून चालत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच रस्त्यात अशी. मी जरा संकोचलो, पण छान वाटलं. या वयात हिला प्रेम फुटलंय.

२ जानेवारी
नवीन वर्ष. जुनेच संकल्प, कारण ते चांगले होते.

एकूण ४०६. माजी हल्ली मीटिंगला येत नाही.

१० फेब्रुवारी
वर्षातला शेवटचा कॅम्प, कारण जिल्ह्यातल्या सर्वोत्तम क्लबला मिळणाऱ्या ढालीसाठी आकडे पंधरा तारखेला पाठवायचे. पाच वाजता आकडा ४९९! पहिल्या टेबलापुढे कोणी नाही. बाहेरच्या चहावाल्याचे डोळे आधीच दोनदा मोजलेत. शेवटी हिलाच खुर्चीवर बसवलं. म्हणाली, आज नको हो, आज त्यापेक्षा मी डॉक्टरीणबाईंकडे बसू का दहा मिनिटं? तिकडे अजून रांग होती. अध्यक्षांच्या बायकोने रांग मोडली तर लोक काय म्हणतील, हे मी तिला समजावून सांगितलं. शिवाय तुझे सिक्स बाय सिक्स आहेत, म्हटलं, गरजच काय. मग वाचलं बिचारीने. न चुकता.

पाचशे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेक्रेटरीच्याही, पण त्याला सर्दी आहे.

१९ फेब्रुवारी
आली! ढाल आपल्याला! आठ मार्चला मोठा समारंभ, पंचवीस क्लब येणार. आणि ऐका: माझा नियम जिल्ह्याच्या वरिष्ठांना इतका आवडलाय की 'आदर्श पद्धत' म्हणून छापून सगळ्या क्लबांना वाटणार. पंचवीस क्लब गुणिले पाचशे. कॅल्क्युलेटर काढला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, सगळीकडे तोच नियम? म्हटलं, सगळीकडे! हिला माझं कौतुक कधी नीट करताच येत नाही.

२८ फेब्रुवारी
लेक आली, न कळवता. दारात उभी राहिली आणि काही बोललीच नाही. हिने विचारलं, कोण? लेक तिच्यापासून तीन हातांवर.

मग लेक तासभर नुसती आईकडे बघत बसली. कप पुढे केला, तर ही भलतीकडेच हात नेत होती. मला म्हणाली, बाबा, परवाची अपॉइंटमेंट घेतलीय. मी वाद घातला नाही. जाऊ या. मी बरोबर होतो हे एकदा कागदावर येईल.

२ मार्च
लिहितो. लिहायला हवं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. खोलीत अंधार, समोर उजळलेला बोर्ड. त्यांनी हिचा डावा डोळा झाकला आणि म्हणाल्या, वाचा. ही सरळ बसली आणि सुरू झाली. ग. मग त, प. मग र, ल, न. मग क, म, स, व. एकदाही अडखळली नाही, पाढे म्हणावेत तशी. मी खूश होऊन लेकीकडे पाहिलं. लेक बोर्डाकडे बघत होती. म्हणून मीही पाहिलं.

बोर्डावर आकडे होते. वर मोठा सात. खाली चार आणि दोन. एकही अक्षर नव्हतं.

ही म्हणतच होती. शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि थांबली. आता कोणीतरी शाबास म्हणेल अशी वाट बघत असावी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. लेकीने तोंडावर हात ठेवला. हिने विचारलं, काय झालं? चुकलं का कुठे?

काचबिंदू. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यात थोडंसं उरलंय, दाराच्या फटीतून बघावं इतकं, तेही भर उजेडात. माणसं सावलीसारखी दिसतात. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब, आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मी विचारलं, जुलैत आलो असतो तर? डॉक्टरीणबाईंनी फाइल पुन्हा उलटून पाहिली. म्हणाल्या, उजवा तेव्हाही वाचला नसता बहुतेक, पण डावा चांगला असणार. थेंबांवर टिकला असता. असणार, म्हणाल्या. म्हणजे खात्री नाही.

नाही. खात्री आहे.

मला एक शब्द बोलल्या नाहीत. मीटिंगमधलं काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ मार्च, दुपारी
लेक झोपली. हिच्याजवळ बसलो. पूर्ण अर्धा तास. किती महिन्यांनी ते मोजायचं नाही.

हिने सगळं सांगितलं, काही तक्रार नसल्यासारखं. उद्घाटनाच्या दिवशी डावा डोळा झाकला तेव्हा समोर काहीच नव्हतं. चार्ट नाही, भिंत नाही, तुम्ही नाही. एवढी माणसं जमलेली, फोटोवाला उभा, तुम्ही माइकवर. म्हटलं, चारचौघांत तुमचं हसं कशाला. आठवडाभर ऐकून पाठच झालं होतं, म्हणून टाकलं. संध्याकाळी सांगणार होते, तुम्ही मोजत होतात. मग वाटलं, वय झालं, होत असेल. मग एक दिवस डाव्यातही अंधारायला लागलं आणि सांगायचीच भीती वाटायला लागली. तुम्ही खूश होतात हो, म्हणाली. इतक्या वर्षांत इतके खूश पाहिले नव्हते.

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. नळ सोडून. ही बाहेरून म्हणाली, पाणी वाया जातंय.

४ मार्च
केसपेपर काढून बसलो. सिक्स बाय सिक्स म्हणून घरी पाठवलेले: ३४१. त्यांत पोरं निम्मी. बाकीच्यांत हिच्यासारखे किती? लेकीने दुसऱ्या टेबलावरचे आकडेही मोजले. तपासलेल्या १५९ जणांत काचबिंदू नऊ. मी गुणाकार केला नाही. कॅल्क्युलेटर कपाटात टाकला.

नवे संकल्प. थेंब मी घालणार, सकाळ-संध्याकाळ, अलार्म लावून. खोकी पॅसेजमधून आजच बाहेर. ३४१ जणांना पुन्हा बोलावणार, गरज पडली तर घरोघर जाऊन. मीटर रीडिंग केलेला माणूस आहे मी, दारं वाजवायला लाजत नाही.

हिने एकच मागितलं. थेंब काय, कोणीही घालेल, म्हणाली. ढाल घ्या, हवी तर. पण तिथे स्टेजवरून सांगा की तो नियम चुकीचा आहे, कोणी वापरू नका. माझं नाव घेतलंत तरी चालेल. एवढं माझ्यासाठी करा.

म्हटलं, करतो. हात हातात घेऊन म्हटलं.

५ मार्च
लेक परत गेली, ऑपरेशनला येईल. जाताना माझ्या पाया पडली नाही. गळ्यातही पडली नाही. म्हणाली, आठ तारखेचं विसरू नका, बाबा.

भाषण लिहिलं. एक पान. 'माझ्या बायकोची नजर माझ्या नियमाने गेली.' हे वाक्य पहिलं. खोडलं नाही. ताठ मानेने म्हणणार.

सकाळचा थेंब गालावर पडला. दुसरा कानात. तिसरा हिने स्वतः घातला.

७ मार्च
भाषण चार वेळा वाचलं. ताबडतोब हा शब्द कुठेही नाही. सेक्रेटरीला फोन करून कल्पना द्यावी का? नको. स्टेजवरूनच कळू दे सगळ्यांना. खरं सांगायला हिंमत लागते, आणि ती माझ्यात पहिल्यापासून आहे. खात्यात असताना मी साहेबालाही एकदा तोंडावर... म्हणजे, सांगणारच होतो.

८ मार्च, संध्याकाळी ७.४०
समारंभ झाला.

हिला नेलं नाही. दगदग झाली असती. शेजारीण बसली होती सोबत.

भाषण खिशात होतं. पण आधी पाहुण्यांची भाषणं लांबली. मग सूत्रसंचालकाने मला दोनच मिनिटं दिली, आणि त्याआधी माझी ओळख करून देताना म्हणाला, या माणसाने पाचशे घरांत उजेड नेला. हॉल उभा राहिला. सगळा हॉल, पंचवीस क्लब. माजीसुद्धा. अशा वेळी कागद काढायचा म्हणजे कार्यक्रमाचा विचका, यजमानांचा अपमान. असं अचानक सांगून उपयोगही होत नाही, लेखी कळवलेलं बरं, रीतसर, लेटरहेडवर. मी म्हटलं, धन्यवाद, हे यश सगळ्यांचं आहे. ढाल घेतली. फोटो झाला. बाहेर पडताना टेबलावर माझ्या नियमाची छापील पुस्तिका ठेवली होती, ज्याने-त्याने एकेक उचलली. मलाही एक दिली.

घरी आलो. शेजारीण गेली. ही दिव्याखाली खुर्चीत बसली होती, माझ्या पावलांच्या दिशेला तोंड करून. विचारलं, सांगितलंत?

मी म्हटलं, हो.

सगळं? सगळं, म्हटलं. लोक काय म्हणाले? शांत झाले, म्हटलं. एक-दोघं रडले. हे कुठून सुचलं मला माहीत नाही. आवाज अगदी सरळ होता.

चौतीस वर्षांत माझी एकही थाप हिच्यापुढे टिकलेली नाही. साहेबाने बढती दिली, दात दुखत नाही, सिगरेट सोडली. माझं तोंड बघितलं की हिला तिथल्या तिथे कळायचं, आणि ही म्हणायची, बरं, आता खरं सांगा.

आज ही उठली, जवळ आली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, फार बरं केलंत हो.